वाघनखांच्या डबीवरचा ग्रँट डफ: हा माणूस नक्की कोण होता?

कंदी पेढा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

२०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा पोरांना घेऊन गेलो होतो. तासभर रांग. पुढे एका शाळेची सहल, त्यातली पोरं बोटं वाकवून एकमेकांना ओरबाडत होती. काचेपुढे उभं राहायला मिळाली असतील वीस-पंचवीस सेकंदं. घरी आल्यावर धाकट्याने विचारलं, "बाबा, ही लंडनला गेलीच कशी?" म्हटलं, इंग्रजांनी नेली. "कुठल्या इंग्रजाने?" इथे माझी गाडी अडली.

मग शोधाशोध केली. ही वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, तिथे ती एका डबीत असतात. डबी स्कॉटलंडात करून घेतलेली. तिच्यावरच्या मजकुराचा मथितार्थ असा: शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारले ते हे वाघनख, ईडनच्या जेम्स ग्रँट डफ यांना ते साताऱ्यात रेसिडेंट (ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी) असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने दिले. ग्रँट डफ हे नाव शाळेत ऐकलेलं, "मराठ्यांचा इतिहास लिहिणारा पहिला इंग्रज", एका गुणाचा प्रश्न. तो फौजेतला माणूस होता हे मला चाळिशीत कळलं.

तर जाणकारांनी सांगावं. कंपनीच्या फौजेतला अधिकारी आपला इतिहास लिहायला कसा बसला? आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

पुणेरी पाटी

जागा धरून ठेवतो. चांगला विषय.

(कंदी पेढे बाकी साताऱ्याच्या मोदी पेढेवाल्यांचेच.)

सोपानराव

मोगल सेनापती?? अफझलखान आदिलशाहीचा. डबीवरची पहिलीच ओळ चुकली की राव.

तर्कटराव

आणि पेशव्याचा पंतप्रधान म्हणजे काय? पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान. पंतप्रधानाचा पंतप्रधान कुठून आला? शिवाय हा गृहस्थ साताऱ्यात बसला तेव्हा पेशवाई बुडालेली होती. डबी वाचूनच माझा विश्वास उडाला.

बखरवाला

धागाकर्त्याचे आभार. आवडीचा माणूस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जेवायची वेळ असेल तर जेवून या.

जेम्स ग्रँट, जन्म ८ जुलै १७८९, स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं बॅन्फ. वडील तो दहा वर्षांचा असताना वारले, मग आई मुलांना घेऊन अ‍ॅबर्डीनला आली. तिथे मारिशल कॉलेजात शिकला. खरं तर जायचं होतं कंपनीच्या मुलकी नोकरीत, पण ती लवकर लागेना, म्हणून १८०५ मध्ये फौजेतली कॅडेटची जागा पत्करली आणि मुंबईला आला. वय सोळा. आपल्याकडे त्या वयात पोरगं अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत नाव शोधत असतं.

बॉम्बे ग्रेनेडियर्स ही त्याची पलटण. काठियावाडात मालियाच्या गढीवरच्या हल्ल्यात त्याने बरी मर्दुमकी गाजवली. पण त्याचं नशीब उघडलं ते तलवारीने नव्हे, भाषेने. फारसी शिकला, पलटणीचा दुभाष्या झाला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन हा स्वतः पुस्तकी किडा, त्याची नजर अशा पोरांवर असायची. त्याने ग्रँटला हाताखाली घेतलं. तिथला दुसरा साहाय्यक हेन्री पॉटिंजर, जो पुढे हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला पडला आणि त्याच महिन्यात, २० तारखेला, आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. बाजीरावाच्या छावणीत अडकलेले छत्रपती प्रतापसिंह तिथे इंग्रजांच्या हाती लागले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि कारभार बघायला नेमलं कॅप्टन ग्रँटला. आता वयं बघा. ग्रँट अठ्ठावीस, महाराज पंचवीस.

ही दोन वयं ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, असं माझं मत.

वाईच्या काकू

छान लिहिलंय हो. वयाचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. चित्रात सगळे साहेब कल्लेवाले म्हातारेच दिसतात.

गनिमी कावा

कौतुक पुरे झालं. हा माणूस आपल्या राजाला "शिकवायला" बसवला होता, म्हणजे डोक्यावर. शिवाजी महाराजांनी अफझलखानाला दगा दिला असं छापून ठेवणारा हाच. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला लागलेला वणवा, असं लिहिणाराही हाच. म्हणजे ना विचार, ना योजना, ना कारण. आपोआप पेटलं आणि आपोआप विझलं. शत्रूने लिहिलेल्या इतिहासावर आपण दोनशे वर्षं परीक्षा दिल्या.

बखरवाला

@गनिमी कावा, दोन्ही गोष्टी खऱ्या. अफझलखानाच्या प्रसंगात तो फारसी साधनांच्या मागे गेला आणि तिथे त्याचा तोल सुटला. वणव्याची उपमाही त्याचीच. पण त्या उपमेने आपलं एक भलंही केलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या उदयावर पुस्तक लिहिलं ते ह्याच उपमेशी भांडत. वणवा नव्हे, आधी जमीन नांगरलेली होती, संतांनी, भाषेने, गावगाड्याने, असा त्यांचा रोख. वणवा नसता तर रानड्यांना तो मुद्दा इतक्या त्वेषाने मांडावासा वाटला असता का, कुणास ठाऊक.

झणझणीत

अवांतर: शाहिराच्या हातातही डफ आणि साहेबाच्या नावातही डफ. दोघांनीही मराठ्यांचा इतिहास बडवला. फक्त शाहिराला बिदागी मिळाली.

पुणेरी पाटी

@झणझणीत 😀😀

तरी साहेबाला पेन्शन होती.

नाना फडणीस नव्हे

थोडी दुरुस्ती करू का? तो "पहिला" नव्हे. रॉबर्ट ऑर्मचं लिखाण १७८२ चं. एडवर्ड स्कॉट वेअरिंगचा मराठ्यांचा इतिहास १८१० मध्ये आला होता. ग्रँट डफचे तीन खंड १८२६ चे. पहिला साधार, सलग इतिहास म्हणा, हरकत नाही.

लोकलवाला

बाळबोध प्रश्न. ग्रँट रोड स्टेशन याच्याच नावाचं का? रोज तिथे उतरतो.

नाना फडणीस नव्हे

नाही. तो सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याचंच. आपला ग्रँट वेगळा, त्याच्या नावाचं कुठलं स्टेशन ऐकिवात नाही.

लोकलवाला

चला, एवढ्या वर्षांचा गैरसमज झाला असता, थोडक्यात वाचलो.

अ‍ॅबर्डीनकर

धागा दिसला आणि राहवलं नाही. मी मूळचा कोरेगावचा (साताऱ्याजवळचं कोरेगाव, भीमा नव्हे. प्रत्येक वेळी सांगावं लागतं), गेली अकरा वर्षं तेलाच्या नोकरीसाठी अ‍ॅबर्डीनला आहे. वर उल्लेख आलेलं मारिशल कॉलेज माझ्या बसच्या वाटेवर लागतं. करड्या ग्रॅनाइटची भलीमोठी इमारत, आता तिथे नगरपालिकेचं कार्यालय आहे. पार्किंगच्या दंडाचं भांडण घेऊन मी तिथे गेलेलो आहे. मात्र आजचा तो दर्शनी भाग नंतरचा, ग्रँट शिकला तेव्हाची इमारत ती नव्हे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी बॅन्फला गेलो. डेव्हरन नदी तिथे समुद्राला मिळते, पलीकडच्या काठावर मॅकडफ नावाचं गाव. बायको म्हणाली, चार दिवसांची सुट्टी आणि तू कुठल्या कॅप्टनचं घर शोधतोयस! ईडन ही त्याची जहागीर गावापासून नदीच्या वरच्या अंगाला. चहाच्या दुकानात दोन आजीबाईंना विचारलं, जेम्स ग्रँट डफ ठाऊक आहे का? एकीने विचारलं, फुटबॉलवाला का? साताऱ्यात निदान त्याला शिव्या तरी पडतात, गावी तेही नाही.

एक महत्त्वाचं. वर सगळे "ग्रँट डफ" म्हणताहेत, पण साताऱ्यात होता तोवर तो नुसता जेम्स ग्रँट. डफ हे आईकडचं आडनाव. मायदेशी परतल्यावर ईडनची मिळकत त्याच्याकडे आली तेव्हा ते नाव त्याने जोडलं.

कंदी पेढा

थांबा थांबा. म्हणजे डबीवर "ईडनचा जेम्स ग्रँट डफ" लिहिलंय ते साताऱ्यात लिहिलेलं असूच शकत नाही?

अ‍ॅबर्डीनकर

शक्यच नाही. डबी इकडची, मजकूर इकडचा, भाषा घरच्यांची वाटते. बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना दाखवायच्या वस्तूवर लिहितात तशी. म्युझियमनेही स्वतः म्हटलंय की हीच ती वाघनखं असं खात्रीने सांगता येत नाही.

तर्कटराव

म्हणजे मोगल सेनापती आणि पंतप्रधानाचा पंतप्रधान हे ग्रँटचं अज्ञान नव्हेच. ज्याने मराठ्यांवर तीन खंड लिहिले त्याला आदिलशाही आणि मोगलाई यातला फरक कळत नव्हता असं कोण म्हणेल? हे दुसऱ्याच कुणी लिहिलंय. मघाचं विधान अर्धं मागे घेतो.

सोपानराव

तर्कटरावांनी विधान मागे घेतलं! तारीख लिहून ठेवा रे.

गनिमी कावा

डबी कुणी का लिहिली असेना. मुद्दा असा की वस्तू गेली. आणि कागद? लहानपणी आजोबांकडून ऐकलंय की ग्रँटने साताऱ्याचे अस्सल कागद काम झाल्यावर जाळून टाकले. त्यावर कुणी बोलत नाही.

मोडीवाली

बोलते की. ही गोष्ट मीही ऐकलीय, बहुतेक प्रत्येक घरात कुणी ना कुणी आजोबा ती सांगतात. पण पुरावा मागितला की गोष्ट तिथेच थांबते.

त्याच्या पुस्तकाच्या तळटीपा वाचा. बऱ्याच ठिकाणी तो सांगतो, अमुक कागदाची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली आहे. पुढे आपल्या लोकांनी तिथे शोध घेतला तेव्हा त्या नकला मिळाल्या नाहीत. हळहळ वाटण्यासारखंच आहे, पण गहाळ होणं वेगळं आणि जाळणं वेगळं. आणि जाळायचेच असते तर कुठला कागद कुठे ठेवला याचा पत्ता कोण छापून ठेवील?

शिवाय जाळपोळीचा हिशेब काढायचा तर खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनची पुस्तकं, कागद सगळं त्यात गेलं. काय काय होतं त्यात, कोण सांगणार?

पुणेरी पाटी

@मोडीवाली +१००

संगमाजवळून रोज जातो, हे माहीत नव्हतं. आता सिग्नलला थांबल्यावर विचार करायला काहीतरी मिळालं.

गनिमी कावा

पुरावा नाही हे मान्य. तरी एक सांगा, सत्ताच हातात असलेल्या माणसाने मागितल्यावर कागद देणाऱ्याने खुशीने दिले असतील का?

बखरवाला

हा प्रश्न लाखाचा आहे.

त्याला साहित्य मिळालं ते कसं, बघा. राजाचं दप्तर उघडं झालं कारण राजा त्याच्या देखरेखीखाली होता. पेशव्यांचं दप्तर कंपनीने जिंकून ताब्यात घेतलेलं. देवस्थानं आणि वतनदार सनदा, महजर (निवाड्याचे कागद) घेऊन स्वतःहून दारात, कारण प्रत्येकाला आपलं वतन शाबूत ठेवून घ्यायचं होतं. १८२० मध्ये औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, वाईचे शेख मिरे, या सगळ्यांशी करार करणारा तोच. ज्याच्या सहीवर जहागीर राहणार की जाणार ते ठरतं, तो म्हणाला की तुमच्या घराण्याची हकीकत सांगा, तर कोण नाही म्हणेल?

म्हणजे त्याला जे मिळालं ते कुणाही अभ्यासकाला मिळालं नसतं. आणि ज्या कारणाने मिळालं त्याच कारणाने त्यात मीठमसाला किती, हे आपल्याला कधीच कळणार नाही. वतनदार त्याला इतिहास सांगत होते की आपला दावा मांडत होते?

मात्र कष्ट त्याचे. दिवसभर कचेरी आणि उरलेल्या वेळात हे लेखन. असह्य डोकेदुखी जडली. तब्येतीपायीच नोकरी सोडून तो परत गेला आणि साताऱ्याला त्याच्या जागी ब्रिग्ज आला. पुस्तक पुरं केलं तिकडे. तिथला प्रकाशक जॉन मरे म्हणाला, मराठे कोण हे इथे कुणाला ठाऊक? नाव बदला. हा म्हणाला, मी मराठ्यांचा इतिहास लिहिलाय, नाव तेच राहील. शेवटी लाँगमनकडून छापलं आणि पदरचे पैसे घातले.

झणझणीत

म्हणजे मराठी लेखकाची सगळी लक्षणं होती. डोकेदुखी, प्रकाशकाशी भांडण, पदरमोड.

वाईच्या काकू

@झणझणीत, तू सुधारणार नाहीस. (पण हसले.)

बखरवाले, महाराजांचं आणि त्याचं कसं होतं? आमच्याकडे प्रतापसिंह महाराजांबद्दल अजूनही फार आदराने बोलतात. शाळा काढली, छापखाना आणला, शहराला पाणी आणलं, मुलीला शिकवलं.

बखरवाला

काकू, बरं होतं. महाराज वाड्याच्या कैदेतच वाढलेले, बाहेरचं जग दिसलं ते गादीवर आल्यावर. ग्रँटने त्यांना कामकाजाला बसवलं, हिशेब बघायला लावले. महाराज रोजनिशी ठेवत. एप्रिल १८२२ मध्ये त्याने कारभार रीतसर महाराजांच्या हाती दिला. कर्तबगार राजा म्हणून जे आपण म्हणतो त्यातला मोठा वाटा अर्थातच महाराजांचा स्वतःचा. साहेबांनी "घडवले" हे साहेबांचे चाहते म्हणतात.

पण करार विसरू नका, २५ सप्टेंबर १८१९ चा. नीरा-भीमेपासून वारणा-कृष्णेपर्यंतचा मुलूख राजाचा, मात्र इंग्रजांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी, सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही, असं कलम.

१८३९ मध्ये त्याच कलमाने घात केला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, २३ व्या पलटणीतल्या शिपायांना फितवणं, असे आरोप ठेवून महाराजांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये तिथेच वारले. पुढच्याच वर्षी, धाकटे बंधू शहाजीराजे वारल्यावर, डलहौसीने राज्य खालसा केलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनच्या दारात वर्षानुवर्षं न्याय मागत बसले होते ते ह्याचसाठी.

पणजीकार

गोव्याचा उल्लेख आला म्हणून डोकावलो. पोर्तुगीजांची त्या वेळची अवस्था बघता ते साताऱ्याला काय कप्पाळ मदत करणार होते? आरोप ठेवणाऱ्यांना तरी तो पटला असेल का, देव जाणे.

गनिमी कावा

हेच म्हणतोय मी. आधी शिकवायचं, मग सापळ्यात घालायचं. एक साहेब चांगला असला म्हणून कंपनी चांगली होत नाही.

मोडीवाली

@गनिमी कावा, इथे मी तुमच्या बाजूने. फक्त इतिहासाचं पुस्तक आणि करारनामा एकाच हाताने लिहिलेला असला तरी दोन्ही वेगवेगळे वाचावे लागतात.

आणि आपली माणसं गप्प बसली नव्हती. केपन साहेबाने बाबा साने यांच्या मदतीने ग्रँट डफचं मराठी भाषांतर "मराठ्यांची बखर" म्हणून केलं, १८२९-३० च्या सुमारास. शाळांतून तीच चालायची. ती वाचून वाढलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने १८६७ मध्ये पुण्यात तिच्यावर टीकेचा निबंध वाचला. वय विशीतलं! लढाया आणि मोहिमा सांगितल्या, पण लोक कसे राहत होते, राज्य कसं चालत होतं, हे कुठे आहे, असा सवाल. नुसत्या टीकेवर ते थांबले नाहीत, जुन्या बखरी छापायला लागले. पुढे काशीनाथ नारायण साने वगैरेंनी १८७८ मध्ये काव्येतिहाससंग्रह हे मासिक काढलं. मग वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस. १८९८ मध्ये राजवाड्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड आला. त्यानंतर सरदेसायांनी पेशवे दप्तरातले ४५ खंड काढले.

सोपानराव

अवांतर: या नीळकंठरावांचे बंधू विनायक जनार्दन कीर्तने म्हणजे "थोरले माधवराव पेशवे" नाटकवाले. एका भावाने इतिहास तपासला, दुसऱ्याने रंगभूमीवर आणला.

तर्कटराव

म्हणजे ग्रँट डफ वाईट लिहून गेला म्हणून आपण चांगलं लिहायला लागलो?

मोडीवाली

तसं मी म्हटलेलं नाही. चिडायला समोर काहीतरी नेमकं लागतं, एवढंच. ऑर्मवर कुणी चिडलं नाही.

दगडी पाळणा

सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या घरची एक गोष्ट टाकतो.

आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात (अ‍ॅबर्डीनकर, गाववाले आहात!). घरात लाकडी पेटीत एक जुना मोडी कागद आहे. आजोबा सांगायचे की तो "ग्रँट साहेबाच्या सहीचा" आहे, आमच्या खापरपणजोबांची पाटीलकी साहेबाने कायम केली त्याचा. दसऱ्याला त्याची पूजा होते. वाचता कुणालाच येत नाही. मधल्या चुलत्यांनी तो लॅमिनेट केला (होय, माहीत आहे, ओरडू नका).

इतकं वाचल्यावर वाटलं, विचारावं. मोडीवाली ताई, फोटो पाठवला तर वाचाल का?

मोडीवाली

लॅमिनेट!!! 😭

पाठवा. उजेडात, फ्लॅश न लावता, सरळ वरून फोटो काढा. नावागावाच्या ओळी इथे टाकणार नाही, व्यक्तिगत निरोपातून सांगेन.

अ‍ॅबर्डीनकर

अरे वा, गाववाले! ग्रँटची सही निघाली तर मी बॅन्फच्या आजीबाईंना नेऊन दाखवतो.

लोकलवाला

श्वास रोखून बसलोय. आणि ग्रँट रोडला उतरायचं राहून गेलं, मुंबई सेंट्रलला आलो.

नाना फडणीस नव्हे

तोवर थोडं चरित्र पुरं करतो. १८२५ मध्ये त्याचं लग्न जेन एन्सली हिच्याशी झालं. सासरा सर व्हाइटलॉ एन्सली डॉक्टर, मद्रासेत राहून इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा. थोरल्या मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे जुन्या साहेबाचं अख्खं नाव पोराला. हा मुलगा १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. ग्रँट डफ स्वतः परत हिंदुस्थानात आला नाही. ईडनला शेती, झाडं बघत राहिला. २३ सप्टेंबर १८५८ ला वारला. म्हणजे ज्या कंपनीच्या चाकरीत सोळाव्या वर्षी शिरला तिचं राज्य संपून राणीचं सुरू होत होतं, त्याच सुमारास.

कंदी पेढा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. धाकट्याला काल रात्री झोपताना सांगितलं, कॅप्टन ग्रँट नावाचा अठ्ठावीस वर्षांचा साहेब आणि पंचवीस वर्षांचे महाराज. त्याने विचारलं, "मग ते मित्र होते का?" मी सांगितलं, असतीलही, पण एकाला दुसऱ्याच्या परवानगीशिवाय पत्र पाठवता येत नव्हतं. तो म्हणाला, "मग वाघनखं द्यायला नाही कसं म्हणणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "झोप आता" म्हटलं.

गनिमी कावा

@कंदी पेढा, पोराला आमच्या पक्षात घ्या.

बखरवाला

@कंदी पेढा, तो प्रश्न कुठेतरी लिहून ठेवा. "दिली की घेतली" यावर मी दोन पानं लिहायच्या बेतात होतो, ती आता लिहीत नाही.

मोडीवाली

दगडी पाळणा, फोटो मिळाले. लॅमिनेशनची चकाकी आडवी येत होती, तरी बहुतेक लागलं. तुमच्या परवानगीने इथे थोडं सांगते.

कागद जुना आहे यात शंका नाही. शके १७४८ आहे, म्हणजे १८२६. तोवर ग्रँट साताऱ्यातून केव्हाच गेलेला, लंडनात त्याचं पुस्तक छापून निघत होतं. कागदात ग्रँट नाही, साहेब नाही, पाटीलकीही नाही. खालची आडवीतिडवी खूण साहेबाची सही नव्हे, नांगराची निशाणी आहे.

ते कर्जखत आहे. तुमच्या खापरपणजोबांनी एका सावकाराकडून दोन बैलांसाठी चांदवडी रुपये घेतले आहेत.

दगडी पाळणा

🙏

फेडले का, ते लिहिलंय?

मोडीवाली

मागच्या बाजूचा फोटो पाठवा. भरणा झाला असेल तर पाठीवर नोंद असते.

दगडी पाळणा

मागच्या बाजूला चुलत्यांनी पुठ्ठा चिकटवलाय.